बसऱ्याच्या मोहिमेतील मराठी शिपाई

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हुमनाबादच्या अलीकडे, राजेश्वर हे गाव लागते. येथे बाजारात कानडी, घरात मराठी आणि कचेरीत एके काळी उर्दू, असा तीन भाषांचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. १९५६ मध्ये बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. नकाशावरील रेघा अशा बदलत राहिल्या. परंतु फौजेत माणसे भरणाऱ्यांच्या लेखी हा सारा प्रदेश एकच होता. त्यांच्या दप्तरी येथील माणूस 'दख्खनी मराठा' किंवा 'दख्खनी मुसलमान' म्हणून नोंदला जाई. प्रांत कोणाचा, राजा कोण, याच्याशी त्या नोंदीला फारसे कर्तव्य नसे. या सीमेवर बसून पहिल्या महायुद्धातील मराठी शिपायाविषयी लिहावे असे आम्हांस वाटले, त्याचे एक कारण हे.

दुसरे कारण आमच्या वाङ्मयाशी निगडित आहे. पानिपताच्या रणावर कोण पडले, कोण परतले, छावणीत अन्नाची कशी दशा झाली, हे आम्ही बखरींतून आणि पत्रांतून जाणतो. दोन शतकांहून अधिक काळ लोटला तरी त्या पडलेल्यांची नावे आमच्या मुलांना पाठ असतात. उलट १९१४ ते १९१८ या काळात तैग्रीस नदीच्या काठी जे हजारो मराठे लढले, उपाशी राहिले, कैदेत गेले, त्यांच्यातील दहा नावेही सुशिक्षित मराठी माणसास सांगता येणार नाहीत. ते युद्ध आमचे नव्हते, हे उत्तर यावर नेहमी दिले जाते. ते खरे आहे. पण माणसे आमची होती, हेही तितकेच खरे आहे. युद्ध परक्याचे म्हणून माणसेही परकी मानावीत, हा न्याय आम्हांस कधी पटला नाही.

मेसोपोटेमियाची मोहीम म्हणजे आजच्या इराकातील मोहीम. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरताच, ६ नोव्हेंबर १९१४ रोजी, हिंदुस्थानातून निघालेल्या फौजेची पहिली तुकडी इराणी आखाताच्या टोकाशी फाओ येथे उतरली. अबादानचे तेल सुरक्षित राखणे हा मूळ हेतू होता. ही फौज सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची. तिच्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण, सतराव्या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि अठराव्या ब्रिगेडमध्ये ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. खडकीच्या सॅपर्स पथकातील १७ वी आणि २२ वी या कंपन्याही सोबत होत्या. मराठा पलटणींत कोकणी मराठे, देशावरचे मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्या वेगवेगळ्या कंपन्या असत. तेव्हा 'मराठा पलटण' हे नाव ऐकून जातीचा जो एकजिनसीपणा आमच्या मनात येतो, तो तेथे नव्हता. एकाच पलटणीत रत्नागिरीचा माणूस, साताऱ्याचा माणूस आणि दख्खनच्या कसब्यातला मुसलमान एकत्र नांदत.

नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसरा हाती आले. एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे तुर्कांचा मोठा प्रतिहल्ला मोडला, जुलैमध्ये नासिरिया पडले, सप्टेंबरअखेर कूत-अल-अमारा जिंकले. विजयांची ही मालिका इतिहासकारांस प्रिय आहे. शिपायाच्या दृष्टीने मात्र १९१५ चे ते वर्ष म्हणजे प्रामुख्याने उन्हाळा होता. छायेतही अंग भाजणारी उष्णता, पुराने पसरलेल्या दलदली, माश्या, हगवण आणि हिवताप. त्या ऋतूत गोळीपेक्षा रोगाने अधिक माणसे निकामी झाली. कोकणच्या पावसात वाढलेल्या किंवा आमच्याकडील काळ्या मातीत राबलेल्या माणसास ऊन नवे नसते. पण सावलीस झाडच नाही असा देश त्याने पाहिलेला नसतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि प्रस्तुत लेखाचा खरा विषय तोच आहे. हा माणूस तेथे टिकला कशाच्या बळावर? इंग्रज ग्रंथकारांनी याचे उत्तर 'राजनिष्ठा' या एका शब्दात देऊन टाकले. त्यानंतरच्या आमच्या काही लेखकांनी 'पोटार्थी' या दुसऱ्या शब्दात ते दिले. दोन्ही शब्दांनी विचार करण्याचे श्रम वाचतात, एवढाच त्यांचा गुण.

पोटाचा भाग नाकारण्यात अर्थ नाही. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. परदेशी मोहिमेवर भत्ता मिळे आणि शिधा सरकारी असे. देशातील छावणीत मात्र शिध्याचा खर्च बराचसा त्याच्याच पगारातून जाई. ती पद्धत १९१७ च्या आरंभी बंद झाली. कोरडवाहू जमिनीचा तुकडा, सावकाराचे देणे आणि घरात चार भाऊ, अशा घरातून एकाने पलटणीत जाणे हा कुटुंबाचा हिशेब असे, एकट्याची हौस नव्हे. पगारातून घरी पैसा जाई, आणि तो पोहोचला की नाही ही शिपायाची सततची विवंचना असे. फ्रान्समधील हिंदी सैन्याची पत्रे तपासण्यासाठी सरकारने कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखाली एक कचेरी बसवली होती. तिने केलेले उतारे आज उपलब्ध आहेत, आणि डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रे १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या पत्रांतून युद्धाच्या वर्णनांइतकेच जमीन, गाईगुरे, लग्ने, भाऊबंदकी आणि न पोहोचलेला पैसा यांविषयीचे बोलणे आढळते. शिपाई देहाने खंदकात आणि चित्ताने शेतात, अशी ती अवस्था आहे.

पत्रांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बहुतेक शिपाई निरक्षर होते. पत्र कंपनीतील कोणी लिहिणारा लिहून देई, आणि गावी ते कोणी वाचणारा चारचौघांत वाचून दाखवी. म्हणजे दोन्ही टोकांस ते पत्र सार्वजनिकच. शिवाय मधे सेन्सॉर बसलेला. अशा पत्रात मन मोकळे कोण करील? फ्रान्समधील शिपायांनी यावर तोड काढली होती. गोऱ्यांस 'तांबडी मिरी' आणि हिंदी शिपायांस 'काळी मिरी' म्हणून ते लिहीत, आणि काळी मिरी संपत आली आहे एवढे कळवले की घरी काय ते समजे. अक्षरशत्रू माणसाची ही अक्षरविद्या आहे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदाद घेण्याचा मोह वरिष्ठांस झाला. जनरल टाउन्शेंड यांच्या हाताखालील ही थकलेली डिव्हिजन २२ नोव्हेंबरला टेसिफॉन येथे, प्राचीन इराणी राजवाड्याच्या भव्य कमानीच्या छायेत, तुर्कांच्या फळीवर चालून गेली. पुढची फळी तिने घेतलीही. पण लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली आणि माघार घेणे भाग पडले. जखमींचे पुढे काय झाले, ते मेसोपोटेमिया कमिशनच्या १९१७ च्या अहवालात नमूद आहे. स्प्रिंगा नसलेल्या गाड्यांतून त्यांना नदीपर्यंत आणले, बोटींच्या उघड्या फळ्यांवर दाटीवाटीने निजवले, आणि ज्या स्थितीत त्या बोटी बसऱ्यास लागल्या, तिचे मेजर कार्टर या डॉक्टराने दिलेले वर्णन कमिशनपुढे वाचले गेले तेव्हा विलायतेत खळबळ उडाली. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. मनोधैर्य खचण्याचे पहिले मोठे कारण आमच्या मते हे होय. मरणाची तयारी ठेवून आलेला शिपाई, जखमी झाल्यावर आपणास कोणी विचारीत नाही हे पाहतो, तेव्हा त्याच्या मनातील करार मोडतो.

दुसरे कारण इतके दिसण्यासारखे नव्हते, म्हणून त्याची चर्चा कमी झाली. प्रत्येक हिंदी पलटणीत तेरा-चौदाच इंग्रज अधिकारी असत. हे लोक वर्षानुवर्षे त्याच पलटणीत राहिलेले, शिपायांची गावे ओळखणारे. शैबा, नासिरिया, टेसिफॉन यांत ते झपाट्याने कामी आले. त्यांच्या जागी आलेले तरुण राखीव अधिकारी बहुधा चहाच्या मळ्यांतून किंवा व्यापारी कचेऱ्यांतून आलेले असत. त्यांस ना शिपायाची भाषा अवगत, ना त्याची रीत. सुभेदार आणि जमादार हे आमचे देशी अधिकारी मधला पूल होते. तेही पडू लागले. मेलेल्यांच्या जागी येणारी भरती दुसऱ्याच पलटणीतून, कधी वय झालेल्या राखीव शिपायांतून येई. साम्राज्याने लढाऊ जातींचे शास्त्र रचून प्रत्येक कंपनी एका जातीची केली होती. त्या शास्त्राचा परिणाम असा की एका कंपनीतील तूट दुसऱ्या जातीच्या माणसाने भरता येईना. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळापासून मराठ्यांची गणना दुय्यम लढवय्यांत होत आली होती, हेही येथे आठवावे. मेसोपोटेमियाने ते मत खोटे पाडले. पण त्याची किंमत आमच्या माणसांनी दिली.

माघार घेणारी फौज ३ डिसेंबरला कूत येथे पोहोचली, आणि चार-पाच दिवसांत तुर्कांनी गावास वेढा घातला. नदीच्या वळणात वसलेले ते मातीच्या घरांचे गाव. सुमारे सहा हजार अरब रहिवासी आतच राहिले. १०३ वी मराठा पलटण ईशान्येकडील किल्ल्याच्या बंदोबस्तात होती, आणि नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी त्या किल्ल्याच्या भिंतीस खिंडार पाडून निकराचा हल्ला केला तेव्हा तो परतविणाऱ्यांत ती होती. ११० व्या पलटणीच्या वाट्यास आणखी विचित्र जागा आली. नदीच्या पलीकडच्या तीरावर लोकर दाबून गाठी बांधण्याच्या कारखान्याभोवती एक लहानशी वस्ती होती. ती वस्ती या पलटणीने १२० व्या राजपुताना पलटणीसह वेढ्याच्या अखेरपर्यंत धरून ठेवली. म्हणजे वेढलेल्या गावापासूनही हे लोक नदीने तोडलेले. वेढ्याच्या आत हा दुसरा वेढा.

जानेवारीत पाऊस आणि थंडी, मार्चमध्ये पूर, आणि सदैव भूक. पीठ दळण्यास जाती पुरेनात, तेव्हा जात्याच्या तळ्या विमानांतून खाली टाकण्यात आल्या. आकाशातून जाते पडते हे दृश्य ज्या शिपायाने पाहिले असेल, त्याला घरचे पहाटेचे दळण आठवले नसेल असे आम्हांस वाटत नाही. पण त्याने काय म्हटले, ते कोणी टिपून ठेवले नाही.

जानेवारीच्या अखेरीस घोडे आणि खेचरे मारून खाण्यास प्रारंभ झाला. गोऱ्या शिपायांनी ते मांस स्वीकारले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनी, नाकारले. परिणामी त्यांचा आहार पिठावर आणि बार्लीवर आला, आणि भाजीपाल्याच्या व मांसाच्या अभावी स्कर्व्ही हा रोग त्यांच्यात फैलावला. हिरड्या सुजत, जुन्या जखमा उकलत, चालणे अशक्य होई. काही जण रानातला पाला शिजवून खात, आणि त्यात विषारी झाड मिसळल्याने मरत. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुमती तारेने मागवण्यात आली व ती जाहीर करण्यात आली. तरीही फार थोडे तयार झाले. अखेर एप्रिलमध्ये, शिधा मूठभर पिठावर येऊन ठेपल्यावर आणि मांस खाणाऱ्यांस न खाणाऱ्यांच्या जागी बढती देण्याची धमकी दिल्यावर, हजारो हिंदी शिपायांनी ते खाल्ले. तोवर फार उशीर झाला होता.

या प्रकरणाचा निवाडा टाउन्शेंड यांनी आपल्या परीने केला. हिंदी शिपायांनी आधीच घोडा खाल्ला असता तर गाव अधिक दिवस टिकले असते, असा त्यांचा सूर आहे, आणि पुढील बहुतेक लेखकांनी तो उचलला. यातील गणित कदाचित बरोबर असेल. माणूस मात्र यात कोठेच नाही.

शिपायाची अडचण देवाशी नव्हती, गावाशी होती. धर्मशास्त्राची अनुमती तारेने येऊ शकते. भावकीची अनुमती तारेने येत नाही. आमच्याकडील कोणाही जुन्या माणसास हे समजावून सांगावे लागणार नाही. परदेशी जाऊन अभक्ष्य खाऊन आलेल्या माणसाबरोबर पंगतीस कोण बसेल? त्याच्या बहिणीस स्थळ कोठून येईल? जातीने वाळीत टाकले तर आईबापांच्या मयतीस खांदा कोण देईल? तो तेथे मरणार असेल तर प्रश्नच मिटला. पण जगून परत जाण्याची आशा धरणारा माणूसच मांस नाकारतो, हे या प्रकरणातील मर्म आहे. आम्ही असेही म्हणू की त्या नकारात खचलेल्या मनाचे नव्हे, तर घराकडे दृष्टी लावून बसलेल्या मनाचे दर्शन होते. एका कंपनीतील सर्वांनी एकाच वेळी खाल्ले असते तर कोणी कोणास नावे ठेवू शकला नसता. एकेकट्याने पुढे होणे हे मात्र सर्वांस अवघड. शेवटी देशी अधिकाऱ्यांनी खाल्ले आणि मग पलटणीच्या पलटणी खाऊ लागल्या, हा अनुभव याचीच साक्ष देतो.

याचा अर्थ वेढ्यात सारे शिपाई अखेरपर्यंत अढळ राहिले, असा मुळीच नाही. वेढ्याच्या आरंभीच्या आठवड्यांत काही हिंदी शिपायांच्या हातांस झालेल्या जखमा त्यांनी स्वतःच करून घेतल्याचा संशय अधिकाऱ्यांस आला. काही पळून शत्रूस मिळाले. तुर्कांनी हिंदी भाषांत छापलेली पत्रके खंदकांकडे फेकली. अधिकाऱ्यांस ठार करून आमच्याकडे या, असा त्यांतील उपदेश. मुसलमान शिपायापुढे तर पेचच होता, कारण समोरचा शत्रू खलिफाचा शिपाई. फेब्रुवारी १९१६ मध्ये बसऱ्यास १५ व्या लान्सर्स या रिसाल्यातील चारशेंहून अधिक स्वारांनी पवित्र स्थळांच्या दिशेने लढण्यास जाण्याचे नाकारले आणि त्यांस काळ्या पाण्याच्या शिक्षा झाल्या. हे दडवून ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ज्या माणसास सोडून जाण्याची वाट दिसत होती आणि तरी जो राहिला, त्याच्याच राहण्यास काही मोल असते.

हा पेच निजामाच्या राज्यास अधिक जवळचा होता. युद्धाच्या आरंभीच निजाम उस्मान अली खान यांनी मुसलमानांस ब्रिटिशांशी निष्ठेने राहण्याचे आवाहन केले. त्यांनी हैदराबाद लान्सर्स आणि विसावे डेक्कन हॉर्स या दोन रिसाल्यांच्या खर्चासाठी साठ लाख रुपये दिले. यांपैकी डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये गेले आणि १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वुड या रानाजवळ त्याने घोड्यावरून केलेला हल्ला प्रसिद्ध आहे. हैदराबाद लान्सर्स म्हैसूर आणि पटियाळा येथील स्वारांसह इजिप्तमध्ये गेले. त्यांची कथा कूतच्या अगदी उलट. सुवेझ कालव्यावर वर्षानुवर्षे पहारा, वाळू, घोड्यांची निगा आणि कंटाळा. लढाईपेक्षा वाट पाहण्याने माणूस अधिक झिजतो, याचा अनुभव तेथे आला असला पाहिजे. सप्टेंबर १९१८ मध्ये हैफा घेतले गेले तेव्हा प्रत्यक्ष हल्ल्याचा मान जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांकडे गेला. दिल्लीतील तीन मूर्तींपैकी एक मूर्ती मात्र हैदराबादच्या स्वाराची आहे.

कूतकडे पुन्हा वळू. गाव सोडविण्यासाठी खालून आलेल्या फौजेत फ्रान्सच्या चिखलातून नुकत्याच काढलेल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजनी होत्या. त्यांस तोफा, दवाखाने, वाहने पुरी होण्याआधीच तुकड्यातुकड्यांनी पुढे ढकलण्यात आले. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात अशी जानेवारीपासून एप्रिलपर्यंतची ओळ आहे. या प्रयत्नांत सुमारे तेवीस हजार माणसे मेली वा जखमी झाली, आत अडकलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट. एप्रिलच्या मध्यापासून विमानांनी अन्नाची पोती टाकली. वेढ्यातील फौजेस विमानाने अन्न पुरविण्याचा हा जगातील पहिल्या प्रयत्नांपैकी एक. त्यातील काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. 'जुलनार' ही बोट दोनशे सत्तर टन माल घेऊन २४ एप्रिलच्या रात्री वेढा फोडण्यास निघाली आणि वाटेत अडकली. तुर्कांस वीस लाख पौंड देऊन फौज सोडविण्याचाही यत्न झाला. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले.

शरण गेलेल्यांचा हिशेब उपलब्ध आहे: इंग्रज अधिकारी २७७, हिंदी अधिकारी २०४, गोरे शिपाई २,५९२, हिंदी शिपाई ६,९८८ आणि भिस्ती, आचारी, डोलीवाले इत्यादी नोकर ३,२४८. एकूण १३,३०९. या शेवटच्या आकड्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. दर चार कैद्यांपैकी जवळजवळ एक माणूस असा होता की ज्याच्या हाती बंदूक नव्हती आणि ज्याचा उल्लेख कोणत्याही विजयगाथेत यावयाचा नव्हता. जातीच्या पायरीवरून ज्यांस पलटणीत घेतले जात नसे, त्यांनाही नोकर म्हणून रणांगणावर जाण्यास मात्र मज्जाव नव्हता. महार समाजाची लष्करी भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाली होती. युद्धात माणसांची चणचण भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. मनोधैर्याची चर्चा करताना या अपमानाचाही जमाखर्च मांडला पाहिजे.

टाउन्शेंड यांस तुर्कांनी सन्मानाने नेऊन कॉन्स्टँटिनोपलजवळील बेटावरील बंगल्यात ठेवले. शिपायांस पायी चालविले. शुमरानच्या तळावर उपाशी पोटी कठीण बिस्किटे खाऊन कित्येक तेथेच मेले. बगदाद, समारा, मोसूल आणि तेथून वाळवंट ओलांडून रास-अल-ऐन, अशी ती वाट. हिंदी कैद्यांपैकी फार मोठा भाग रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर लावला गेला. हेच ते ठिकाण जेथे आर्मेनियन निर्वासितांचे हाल झाले होते. गोऱ्या शिपायांपैकी सतराशेंहून अधिक कैदेत मेले किंवा बेपत्ता झाले. हिंदी शिपाई आणि नोकर यांपैकी दोन ते तीन हजार परतले नाहीत; नेमक्या आकड्याविषयी ग्रंथकारांत एकमत नाही, आणि असा घोळ गोऱ्यांच्या बाबतीत नाही, ही गोष्टही बोलकी आहे.

या कैदेची हकिकत एका हिंदी माणसाने लिहून ठेवली आहे. तो बंगाली. बेंगॉल अँब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी यांचे 'अभि ले बगदाद' हे ते पुस्तक. कूतमध्ये असलेले डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी कैदेतच वारले. त्यांची पत्रे त्यांच्या आजीने 'कल्याण प्रदीप' या पुस्तकात १९२८ मध्ये छापली. संख्येने मराठे तेथे बंगाल्यांहून कितीतरी अधिक. परंतु बंगालमधून जे गेले त्यांत लिहिणारे होते. आमच्याकडून जे गेले ते नांगर सोडून गेले. आमचा शिकलेला वर्ग त्या वेळी पुण्यामुंबईत वादविवाद करीत होता. टिळकांनी जून १९१८ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या युद्ध परिषदेतून सभात्याग केला, तो प्रसंग प्रत्येक चरित्रात आहे. आणि तो असावाच. मात्र स्वराज्याच्या अटीवर सैनिक देऊ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांस, आधीच गेलेला सैनिक काय खातो आहे हे ठाऊक होते की नाही, हा प्रश्न आम्ही शिक्षकांनी आपल्या वर्गात विचारण्यास हरकत नाही.

मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतले गेले. शरण गेलेल्या पलटणींची पुन्हा उभारणी झाली होती. ११४ व्या मराठा पलटणीने ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकात येथे जो पराक्रम केला त्याबद्दल तिला अठ्ठावीस शौर्यपदके मिळाली. ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाली. शिपायास वाटले, आता घर. पण घर अजून दूर होते. व्यापलेला देश राखण्यासाठी फौज ठेवावी लागली, आणि १९२० च्या इराकी उठावात मराठा पलटणी पुन्हा गुंतल्या. मोहिमेचा हा शेवटचा भाग आम्हांस सर्वांत कष्टदायक वाटतो, कारण त्याला शत्रूचेही निमित्त उरले नव्हते. इकडे १९१८ मध्ये पाऊस फसला होता आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने खेडीच्या खेडी ओस पडली होती. परत आलेल्या कित्येकांस, ज्यांच्यासाठी मनिऑर्डरी केल्या ती माणसेच दिसली नसतील.

सरकारने आठवण ठेवली ती आपल्या रीतीने. ११७ व्या पलटणीस 'रॉयल' ही पदवी मिळाली. १९२२ मध्ये या साऱ्या पलटणींची एक रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्र बेळगावास आले, म्हणजे पुन्हा मराठी-कानडी सीमेवरच. सातारा-रत्नागिरीकडील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. साताऱ्याजवळील अपशिंगे गावच्या पाटीवर मृतांचा आकडा सेहेचाळीस आहे. गावाने आपल्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द जोडून घेतला तो त्यानंतर. बसऱ्यास १९२९ मध्ये मोठे स्मारक उघडले गेले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची स्मृती आहे. पण गोऱ्या शिपायांची नावे कोरली आहेत आणि हिंदी शिपायांचा पलटणवार केवळ आकडा. हा भेद चुकीचा होता, अशी कबुली राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने नेमलेल्या समितीच्या २०२१ च्या अहवालाने दिली. शतक लोटल्यावर. ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये ते बसऱ्यापासून दूर, नासिरियाच्या रस्त्यावर हलविले गेले.

आकडे पुष्कळ झाले, नावे हवीत. ती कोठे सापडतील, हे सुचवून आम्ही हा लेख पुरा करतो. युद्धानंतर प्रत्येक शिपायास जी गोल पदके देण्यात आली, त्यांच्या कडेवर त्याचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. लढणाऱ्यांस दिलेले एक पदक चांदीचे होते, आणि मजूर-नोकरांस तेच पितळी रंगाच्या काशाचे. मृताच्या घरी काशाची एक वाटोळी थाळी आली असेल. तिच्यावर हुद्दा नसतो, केवळ नाव असते. राजेश्वर, बसवकल्याण, भालकी, हुमनाबाद, उमरगा या भागांतील ज्या शिक्षकबंधूंच्या पाहण्यात अशी वस्तू, जुने पेन्शनचे पुस्तक किंवा नाव कापल्याचा कागद येईल, त्यांनी त्यावरील अक्षरे जशीच्या तशी उतरवून परिषदेकडे पाठवावीत. चांदीची पदके अडचणीच्या दिवसांत बहुधा सोनाराकडे गेली आणि आटली. काशास कोणी भाव देत नाही. ती थाळी अजून एखाद्या घरी, देवळीत किंवा धान्याच्या कणगीमागे पडलेली असेल.